पा. ना.

नेपरव्हिल, इलिनॉय
रविवार, ३ नोव्हेंबर १९९६

प्रिय भानू,
जय भीम.

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू हे पत्र फोडलं असशील, तर उभ्याने वाचू नकोस, बैस. घाबरण्यासारखं काही नाही. कुणी आजारी नाही.

आपण बोललो त्याला एकोणतीस वर्षं झाली. आई गेली तेव्हा तू मला तार केलीस, विवेकची आई गेली तेव्हा मी तुला केली. दोन्ही तारा मिळून अकरा शब्द. मास्तराची मोजायची सवय जात नाही.

लिहायला निमित्त इला. विवेकची मुलगी, तेरा वर्षांची आहे. तिच्या शाळेत इतिहासाचं प्रदर्शन असतं, प्रत्येक पोराने एक विषय मोठ्या पुठ्ठ्यावर मांडायचा. तिला विषय आला आहे, गेल्या शतकात या देशात मत कुणाला होतं. विवेक आणि सुवर्णा सकाळच्या गाडीने शिकागोला कामाला जातात, त्यामुळे शाळा सुटली की लायब्ररीत तिला मी नेतो. म्हणजे तीच मला नेते, कारण रस्ता ओलांडायचं बटण मला अजून सापडत नाही.

ऱ्होड आयलंड म्हणून एक इवलंसं राज्य आहे. तिथे शंभर वर्षांपूर्वीपर्यंत कायदाच असा होता की इथे जन्मलेला माणूस डॉलरभर कर भरून मत देई; पण बाहेरून येऊन नागरिक झालेल्याला तेवढं पुरत नसे. त्याच्या नावावर एकशे चौतीस डॉलरचं घर नाहीतर जमीन हवी. बाहेरून आलेले म्हणजे बहुतेक आयरिश, गिरणीत राबणारे. तिथल्या एका गिरणीगावाच्या मतदार नोंदवहीच्या झेरॉक्स इलाच्या शिक्षिकेने मागवून दिल्या आहेत; प्रत्येक नावापुढे घराची ठरवलेली किंमत आहे. अक्षर फार सुरेख, भानू. तिरपं, पातळ निबाचं. मी तर आधी नुसतं अक्षरच बघत बसलो.

इला म्हणाली, "आजोबा, लुक. हा माणूस, एव्हरी इयर एकशे तीस. आणि त्याचा नेबर, सेम रस्ता, सेम घर, दोनशे. व्हाय?"

मी म्हटलं, "एकशे चौतिसाला चार कमी पडावेत म्हणून."

"हू डिसाइड्स?"

"कारकून."

"दॅट्स सो मीन."

आणखी गमती आहेत. कर भरायच्या शेवटच्या आठवड्यात वसुली कारकून ऑफिसला कुलूप लावून मासे धरायला गेला, अशी तक्रार जुन्या पेपरात छापली आहे. इला हसली, मीही हसलो. ज्यांना एक डॉलर जड होता त्यांचा डॉलर पक्षवाले गठ्ठ्याने भरत आणि माणसं गठ्ठ्याने मतदानाला नेत. हे वाचून मात्र मला आपलं गाव आठवलं.

मग तिने वहीच्या शेवटी कारकुनाची सही दाखवली. आडनाव डॉयल. शिक्षिकेने तिला सांगितलं होतं की हेही आयरिशच. "सो ही वॉज वन ऑफ देम?" असं म्हणून ती माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, "वरून हुकूम आला असेल बेटा."

हे वाक्य मी याआधी कुठे म्हटलं होतं ते तुला आठवत असेल. तुझ्याच अंगणात म्हटलं होतं. पण भानू, हुकूम खरंच वरून होता. मी नोकरमाणूस होतो. असो.

आबांची पावती अजून भिंतीवर आहे का? मी इलाला ती गोष्ट सांगितली. नगरपालिकेत घरपट्टी भरेल त्यालाच मत, असा इंग्रजांचा काळ; आणि कापसाच्या जिनमधला एक हमाल दरवर्षी नगरपालिकेच्या पायरीखाली उभा राहून सांगतो, साहेब, माझ्यावर कर बसवा. आणि कारकून आतून म्हणतो, तुझं घर कागदावर घरच नाही, कर कशावर बसवू. सहा वर्षं. मग एके दिवशी दारावर सात नंबरचा पत्रा ठोकला गेला आणि आबांनी पावती चौकट करून लावली. लहानपणी मी तिच्याखाली बसून कविता पाठ करायचो. तिसरीच्या पुस्तकाला तेव्हा खळीचा वास यायचा. तू चालीला ताल धरायचास पितळीवर, आणि आई म्हणायची, पितळीला पोचे पाडा आता. माझ्या डोक्यात भुजंगप्रयात आणि ती पावती एकाच वयात शिरली, अजून निघालेली नाहीत.

इला म्हणाली, "वेट, ही वॉन्टेड टु पे टॅक्स?" तिला ते फारच विनोदी वाटलं.

आता आनंदाची बातमी. परवा मंगळवारी इथे निवडणूक आहे, राष्ट्राध्यक्षाची. आणि यादीत माझंही नाव आहे. एप्रिलमध्ये ओळखपत्र काढायला गेलो तर खिडकीतल्या बाईने स्वतः विचारलं, मतदार म्हणून नाव नोंदवायचं का? स्वतः विचारलं, भानू. मी म्हटलं, येस मॅडम. आबा पायरीखाली सहा वर्षं उभे होते, आणि मला खुर्ची दिली होती. कार्ड टपालाने घरी आलं. अजून कुणाला दाखवलेलं नाही. दिवाळीच्या फराळाला दाखवून सगळ्यांना चकित करीन म्हणतो.

तुला कळवावंसं वाटलं. पत्ता मागे लिहिला आहे.

तुझा मोरेश्वर


बुधवार, ६ नोव्हेंबर १९९६

प्रिय भानू,
जय भीम.

पहिलं पत्र अजून वाटेतच असेल, तोवर हे दुसरं. मत देऊन आलो.

केंद्र इलाच्याच शाळेत होतं, खेळायच्या हॉलमध्ये. कोट घातला, मफलर घेतला, आणि हसू नकोस, आतल्या खिशात विवेकच्या घराच्या प्रॉपर्टी टॅक्सची पावती घेतली. सकाळी त्याच्या फायलीतून काढली होती. कुणी विचारलंच तर असावी. तीन टेबलं होती, तीन म्हाताऱ्या बाया होत्या. एकीने नाव विचारलं. मी सांगितलं. तिने वहीत शोधलं आणि म्हणाली, "मोरी-श-वार?" मी म्हटलं, तेच. सही केली, एप्रिलमधल्या सहीशी तिने ती ताडून पाहिली, "व्हॉट ब्यूटिफुल रायटिंग" म्हणाली आणि कागद दिला. संपलं. पावती कुणी मागितली नाही.

मी तिथे जरासा उभाच राहिलो. खिशात हात घालून. मागे रांग होती, तिने विचारलं, "एनीथिंग एल्स, सर?" मी म्हटलं, नो.

परत येताना छातीवर त्यांनी एक गोल कागद चिकटवला होता, मत दिल्याचा. तो काढायचं राहून गेलं. संध्याकाळी सुवर्णा कामावरून आली, बूट काढता काढता थांबली.

"बाबा, हे कुठून आणलंत? इलाचं आहे का?"

"माझंच आहे."

"तुमचं म्हणजे?"

मग विवेक आला. त्याने तो कागद पाहिला. किल्ल्या हातातच होत्या. मग म्हणाला, "बाबा, तुम्ही सिटिझन नाही आहात. ग्रीन कार्ड आहे तुमचं. तुम्हाला व्होट करता येत नाही." मी म्हटलं, त्या बाईनेच विचारलं, माझं ग्रीन कार्ड तिच्या हातात होतं. तो म्हणाला, "फॉर्मवर काय होतं? फॉर्मवर आय अ‍ॅम अ सिटिझन असं लिहिलेलं असतं. तुम्ही वाचलं नाही?"

वाचलं होतं, भानू. वीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलं आहे मी. नागरिक म्हणजे कोण, जो गावात राहतो, घरपट्टी भरतो, गावाच्या बऱ्यावाईटाचा विचार करतो तो. पोरांकडून चालीवर घोकून घेतलंय. फॉर्मवर तो शब्द बघितला आणि डोक्यात ती चाल सुरू झाली. मी सही केली.

उन्हाळ्यात विवेकने माझा इथल्या नागरिकत्वाचा अर्ज भरला आहे. त्यावरून तो जरा अस्वस्थ आहे. काळजीचं काही नाही. तू काळजी करशील असं नाही, पण लिहून ठेवतो.

मोरेश्वर


रविवार, १९ जानेवारी १९९७

प्रिय भानू,
जय भीम.

बर्फ खिडकीच्या चौकटीपर्यंत आलं आहे. गेल्या आठवड्यात विवेकने मला शिकागोत डेव्हन अ‍ॅव्हेन्यूला नेलं. साड्यांच्या दुकानावर माडी आहे, तिथे सीमा नावाची वकील मुलगी बसते. आपली मराठीच, काका म्हणते. तिने चहा दिला आणि मग हळूहळू सांगितलं. मी नागरिक आहे असं खोटं लिहून देणं आणि मत देणं, दोन्ही गुन्हे. मतापायी माणसाला इथून परत पाठवता येतं, असा नवाच कायदा गेल्या सप्टेंबरात झाला आहे.

विवेक म्हणाला, "बाबांना ती बाईच म्हणाली ना. शी टिक्ड द बॉक्स. तेच सांगू."

सीमा म्हणाली, "सही कुणाची आहे?"

मी म्हटलं, माझी.

"आणि काका, मुलाखतीत ते शपथेवर विचारतील, कधी मत दिलंय का. नाही म्हणालात तर ते त्याहून वाईट. अर्ज मागे घेऊ या का?"

विवेक म्हणाला, घेऊ. मी म्हटलं, नको. का म्हटलं ते त्यांना नीट सांगता आलं नाही. गाडीत विवेक एक्झिट चुकला, आम्ही अर्धा तास भलतीकडेच जात होतो. घरी सुवर्णा पोळ्या लाटत होती, ती न वळताच म्हणाली, "बाबा, एकदा विचारायचं तरी. फोन होता ना घरात." तिचं खरं आहे. पाच वर्षं ती मला गरम पोळी वाढते आहे, वाकडा शब्द बोललेली नाही.

आता तुझ्याशी खरं बोलतो. पहिल्या पत्रात मी लिहिलं की हुकूम वरून होता. अंगणातही तेच म्हणालो होतो. तू म्हणालास, "मास्तर, तो हुकूम दाखवा ना मंग कागदावर." मी म्हटलं, तोंडी आहे. भानू, तोंडीही नव्हता.

सदुसष्टच्या नगरपालिका निवडणुकीची मतदार यादी करायचं काम होतं. माझ्याकडे दोन भाग होते, बाजारपेठ आणि आपली वस्ती. बाजारपेठेत मी कुणाकडे काही मागितलं नाही. ओट्यावर बसलो, त्यांनी नावं सांगितली, मी लिहिली. मेलेल्यांचीही सांगितली असतील. आणि आपल्या वस्तीत शिरलो तेव्हा मनात एकच भीती होती. तू उभा राहणार होतास. मी तुझा सख्खा भाऊ. लोक म्हणतील, मास्तराने आपल्याच लोकांची नावं घुसवली. म्हणून मी ठरवलं, इथे अगदी कडक राहायचं. इथे पुरावा बघूनच नाव लिहायचं. आणि पुरावा म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे काय आलं असेल ते तूच सांग. भिंतीवरची ती चौकट.

घरपट्टीची पावती दाखवा. कायद्यात हे कुठेच नव्हतं. इंग्रज गेले, तो नियम गेला, सगळ्यांना मत आलं, ते कुणी आणलं तेही मला ठाऊक होतं; त्यांच्याच फोटोखाली आपण वाढलो. तरी मी विचारत गेलो. एकतीस घरं, चौऱ्याण्णव माणसं. खडूने दारावर नंबर टाकत गेलो आणि वहीत लाल शाईने शेरा मारत गेलो, पा. ना. पावती नाही. पूर्ण लिहायला वेळ लागायचा.

तू एकोणीस मतांनी पडलास.

पुढच्या वर्षी माझ्या गोपनीय अहवालात आलं, 'निःपक्षपाती'. मी हेडमास्तर झालो. तो शब्द मी बरीच वर्षं जपला.

आणखी एक विचारायचं होतं. मुलाखतीचं काय होईल सांगता येत नाही. परत पाठवलंच तर मला जायला जागा नाही. क्वार्टर कधीच सोडलं. आबांच्या घरात मागची खोली, जिथे आई कडबा ठेवायची, ती रिकामी असेल का? मी फार जागा घेत नाही. हे तू नुसतं वाचून ठेवलंस तरी चालेल.

मोरेश्वर


रविवार, २३ मार्च १९९७

भानू,

तुझा एरोग्राम गुरुवारी आला. सुवर्णाने टेबलावर ठेवला होता. निळा कागद आणि तुझं अक्षर बघून मी तो उचलला आणि पुन्हा खाली ठेवला. इलाच म्हणाली, "मी कापू का आजोबा?" तिने कडेने नीट कापला, पसरला आणि मागेपुढे उलटून पाहिला. मग म्हणाली, "देअर्ज नथिंग. ओन्ली टू लेटर्स. व्हॉट इज पा ना?"

सबंध निळ्या कागदावर, मधोमध, लाल शाईने.

मी तिला म्हटलं, आडनाव आहे. अजून एक खोटं. रात्रभर ते मला टोचत राहिलं, सकाळी तिला शाळेत सोडताना खरं काय ते सांगितलं. सगळं.  फाटकाशी ती म्हणाली, "सो यू आर डॉयल." आणि आत गेली. तिच्या पाठीवर ते भलंमोठं दप्तर, त्याच्यावर एक लोकरीचं अस्वल लोंबतं, ते हलत होतं.

तुझा शेरा रास्त आहे. खोलीबद्दल आता काही म्हणत नाही.

मुलाखत दहा तारखेला झाली. तरुण अधिकारी होता, टापटीप. त्याने उजवा हात वर करायला लावला. राष्ट्रध्वजात पट्टे किती विचारलं, ते सांगितलं. मग विचारलं, या देशात कधी मत दिलंय का? शेजारी सीमा बसली होती, तिने वहीवरचं पेन खाली ठेवलं. मी म्हटलं, हो, एकदा. कुठे, कधी, कोणत्या शाळेत, सगळं सांगितलं. तो लिहीत होता. सांगून झाल्यावर त्याने विचारलं, "सर, व्हाय डिड यू?" त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी म्हटलं, माझे वडील सहा वर्षं उभे होते. ते त्याने लिहिलं नाही.

बाहेर आल्यावर सीमा म्हणाली, "काका, तुम्ही बोललात ते चांगलंच केलंत. पण चांगलं केल्याचा इथे उपयोग होईल असं मी सांगू शकत नाही." विवेक बाकावर बसून होता. तो उठला आणि त्याने माझा मफलर नीट केला, लहान मुलाचा करावा तसा. मला वाटलं होतं ओरडेल.

एक गोष्ट मी जानेवारीतही लपवली. लिहून टाकतो, कारण आता तुझ्याकडून मागायचं काही उरलेलं नाही, तेव्हा लाच म्हणून लिहितो आहे असं तुला वाटायचं नाही.

यादी लावल्यावर हरकती घ्यायला एक आठवडा होता. नाव राहिलं असेल त्याने शाळेत यायचं, फॉर्म द्यायचा, मी तो घ्यायचा. तू लोकांना सांगितलंस, शेवटच्या तीन दिवसांत जा, जिनला पगारी सुट्टी आहे, सगळे मिळून जा. मला ते कळलं होतं. आणि त्याच तीन दिवसांत वर्ध्याला आंतरशालेय कवितागायनाची स्पर्धा होती. दुसऱ्या मास्तरांना पाठवता आलं असतं. मी गेलो. ऑफिसला कुलूप लावलं, किल्ली खिशात घातली आणि सात पोरांना घेऊन एसटीत बसलो.

मुद्दाम गेलो का? मी हे स्वतःला इतक्यांदा विचारलं आहे की आता उत्तर झिजून गेलं आहे. पोरं फार गोड गायली. शार्दूलविक्रीडित एकही ठेका न चुकता म्हटलं. परीक्षकांचे डोळे भरून आले होते, माझेही. ढाल घेऊन परत आलो तेव्हा ऑफिसच्या दाराशी पायऱ्यांवर बिड्यांची थोटकं पडली होती, खूप, आणि कुलुपाच्या कडीत कुणीतरी फॉर्मांची गुंडाळी अडकवली होती. मुदत आदल्या दिवशीच संपली होती. मी ती गुंडाळी कपाटात ठेवली. फेकली नाही, एवढंच.

मासे धरायला गेलेल्या त्या कारकुनाला इला हसली तेव्हा मीही हसलो, हे मी तुला पहिल्याच पत्रात लिहिलं होतं. तेव्हा हात थांबायला हवा होता.

कविता आता म्हणवत नाही. या एप्रिलमध्ये इथल्या जयंतीला आपली मुलं एका चर्चच्या हॉलमध्ये जमणार आहेत, दरवर्षी मला पुढे बसवून एखादी जुनी कविता म्हणायला लावतात. या वर्षी मी घसा बसल्याचं सांगणार आहे. चाल धरली की ते कुलूप दिसतं.

मोरेश्वर


रविवार, १५ जून १९९७

भानू,

कागद आला. अर्ज नामंजूर. ऑगस्टच्या एकवीस तारखेला शिकागोला इमिग्रेशनच्या न्यायाधीशापुढे उभं राहायचं आहे. सीमा म्हणते, तारखा पडतील, वर्षही जाईल, दोनही जातील. म्हातारा माणूस आहे म्हणून न्यायाधीश दया करेल किंवा करणार नाही. विवेकला दुसऱ्या राज्यात, फ्रिस्कोला, बदली घ्यायची होती, ती तो आता घेत नाही. सुवर्णाने माझ्या औषधांची यादी करून फ्रिजवर लावली आहे, वर तारीख टाकून, कुठेही जावं लागलं तरी बरोबर असावी म्हणून. ती तिने कुणाला काही न सांगता केली.

इलाच्या पुठ्ठ्याला दुसरं बक्षीस मिळालं. तिने एका कोपऱ्यात एक चौकट रिकामी ठेवली होती आणि खाली लिहिलं होतं, या माणसाने हे का केलं, ते नोंदवहीत नाही. बाजूला मी उभा होतो. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. तिची मैत्रीण विचारत होती, "इज दॅट युअर ग्रँडपा?" ती म्हणाली, "या." एवढंच, पण म्हणाली.

सोबत चार ताव जोडले आहेत. ती यादी आहे.

वही मी ऑफिसात जमा केली, गुंडाळी पुढे बदलीत कुठे गेली कळलं नाही. पण नावं माझ्याजवळ आहेत. त्या दिवशी वस्तीत फिरताना मी ती मनातल्या मनात चालीवर म्हणत होतो, मला सवयच ती, हजेरीसुद्धा मी चालीवर घ्यायचो. नाव, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव, वय, घर. तीस वर्षं झाली, कविता पुष्कळ विसरलो. मधलं कडवं जातं, शेवटची ओळ जाते. ही यादी गेली नाही. गेल्या आठवड्यात इलाच्या टेबलावर बसून ती लिहून काढली, घर एक ते घर एकतीस. अक्षर थोडं कापलं आहे, पण वाचता येईल. कितीजण आता उरले असतील ते तुला माहीत. आबांच्या पावतीच्या शेजारी लाव असं मी म्हणणार नाही. चुलीत घातलीस तरी ती तुझीच आहे. माझ्याजवळ दाखवायला एवढीच पावती होती.

त्र्याण्णव नावं आहेत. चौऱ्याण्णवावं नाही.

एकतीस नंबरचं घर म्हणजे अगदी कडेचं, नाल्याजवळचं, कुडाचं. ऊन उतरलं होतं, मला घरी जायची घाई होती. ती बाई आत बिड्या वळत होती, दारात आली नाही. मी बाहेरूनच विचारलं, पावती आहे का? ती म्हणाली, "पावती तं नाही गुरुजी, पण नाव लिहून घ्या ना. सांगतो मी." मी म्हटलं, पावती नसेल तर नाव कशाला. आणि नावाची जागा कोरी ठेवून पुढे लाल शाईने लिहिलं, पा. ना.

ती आतून परत एकदा म्हणाली, "गुरुजी, नाव तं इचारा." मी नंबर टाकत होतो, खडूचा आवाज झाला. मग मी निघालो.

त्या बाईचं नाव माझ्या चालीत नाही. तिथे येऊन चाल थांबते. मी पुन्हा पहिल्या घरापासून सुरू करतो, तरी तिथेच थांबते.

शेवटच्या तावावर एकतिसाव्या घरापुढे जागा सोडली आहे. ती असेल तर तिला, नसेल तर तिच्या माणसांना विचारून तेवढं नाव तूच भर. मला कळवलं नाहीस तरी चालेल.

मोरेश्वर